जर्मनीत ‘शेफ’ म्हणजे साहेब आणि आपल्याकडे स्वयंपाकी. एकाच फ्रेंच शब्दाचे युरोपात इतके अर्थ कसे?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग जुनी जखम ठणकली. तुम्ही लिहिलंय की म्युनिकच्या ऑफिसातून मेल आली, ‘सोमवारी नऊ वाजता तुमचे शेफ तुम्हाला घ्यायला खाली येतील’, आणि तुम्हाला कळेना की नव्या माणसाच्या स्वागताला कॅन्टीनवाला का येतोय. या शब्दापायी माझं जवळजवळ ठरलेलं लग्न मोडलंय. तेव्हा उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आधी तुमच्या कामाचं सांगून टाकतो. तो तुमचा साहेब आहे. जर्मनमध्ये शेफ म्हणजे वरिष्ठ, बॉस, मालक. बाई असली तर शेफिन. स्वयंपाक करतो तो ‘कॉख’. सोमवारी जो कोणी खाली येईल त्याच्याशी हात मिळवा, जेवणाचं विचारू नका.

मी मिरजेचा. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला, दोन वर्षं गोव्यात एका हॉटेलच्या किचनमध्ये काढली आणि २०१७ साली जर्मनीत आलो, कॉखची आउसबिल्डुंग, म्हणजे काम करत करत शिकायचं रीतसर प्रशिक्षण, करायला. गोव्याच्या त्या किचनमध्ये पांढरा कोट घातलेला प्रत्येक जण शेफ. कांदे सोलणारा पोरगासुद्धा ‘शेफ, बाजू द्या’ म्हणायचा आणि त्यालाही उलट ‘हो शेफ’ ऐकू यायचं. ती सवय घेऊन मी ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका गावात उतरलो. तिथे एक गास्टहोफ होता, म्हणजे खाली जेवणाचं हॉटेल आणि वर दहा-बारा खोल्या. पहिल्या दिवशी इस्त्रीचा कोट हातावर टाकून, सुऱ्यांची गुंडाळी काखेत मारून मी मागच्या दाराशी उभा. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, शेफ येतोच आहे. मी पाठ ताठ केली. डोळ्यांसमोर उंच पांढरी टोपी.

पाच मिनिटांनी एक माणूस आला. गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर, खांद्यावर बटाट्यांचं पोतं. मला वाटलं गडी असेल. पुढे होऊन मी पोत्याचं एक टोक धरलं आणि क्लासमध्ये शिकलेल्या जर्मनमध्ये विचारलं, शेफ कुठे आहेत? तो म्हणाला, मीच. मी म्हटलं, नाही हो, शेफ, शेफ. तो म्हणाला, मीच, मीच. मग दोघांनी मिळून पोतं कोठीत नेलं. पुढच्या तीन वर्षांत त्या माणसाला साधं अंडं फोडताना मी पाहिलं नाही. बिअर मात्र झकास ओतायचा. खरा हुकूम चालायचा तो काउंटरवरच्या बाईंचा. त्या शेफिन, मालकीणबाई. आणि किचनचा प्रमुख होता त्याला म्हणायचे ‘क्यूशनशेफ’, म्हणजे स्वयंपाकघराचा साहेब. त्याने मला पहिल्याच दिवशी बजावलं, मला नुसतं नावाने हाक मार, शेफ म्हणालास तर म्हातारा वळून बघतो.

हा गोंधळ किचनपुरता राहत नाही. एकदा तळणीचं तेल हातावर उडालं आणि मला दोन रात्री हॉस्पिटलमध्ये ठेवलं. नर्स म्हणाली, उद्या सकाळी ‘शेफव्हिझीटे’ आहे. मी आईला फोनवर सांगितलं, उद्या शेफ हात बघायला येणार आहे. आई म्हणाली, अरे डॉक्टर नाहीत का तिथे? मोठ्या डॉक्टरला जर्मनीत ‘शेफआर्ट्स्ट’ म्हणतात, त्याची सकाळची फेरी ती शेफव्हिझीटे. मुख्य संपादक हा ‘शेफरेडाक्टोअर’. या सगळ्या लोकांचा चुलीशी संबंध घरी असेल तेवढाच.

आता तुमचा खरा प्रश्न, असं झालं कसं. लॅटिनमध्ये ‘कापुट’ म्हणजे डोकं. त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये झालं ‘चिएफ’, मग ‘शेफ’. आधी अर्थ खरोखरचं डोकं, मग जो डोक्यावर बसतो तो. फ्रेंचमध्ये आजही नुसता शेफ म्हणजे प्रमुख. स्टेशन मास्तर हा ‘शेफ द गार’, वाद्यवृंदाचा संचालक ‘शेफ दॉर्केस्त्र’, राष्ट्रप्रमुख ‘शेफ देता’. त्याच रांगेत, त्याच इतमामाने उभा ‘शेफ द क्विझीन’, स्वयंपाकघराचा प्रमुख. डोकं हा मूळ अर्थ आता फक्त कोपऱ्यात उरलाय. टोपीला फ्रेंचमध्ये गमतीने ‘कूव्र-शेफ’ म्हणतात, डोकं झाकणारं. तेच इंग्रजीत जाऊन ‘करचीफ’ झालं, डोक्याला बांधायचा रुमाल. मग तो हातात आला म्हणून हँडकरचीफ. म्हणजे आपण खिशात जे घालतो त्यातही एक शेफ बसलाय.

इंग्रजीने हा शब्द दोनदा उचलला आणि सगळा घोळ तिथे आहे. १०६६ नंतर नॉर्मन लोक इंग्लंडवर राज्य करायला लागले. त्यांच्या फ्रेंचमध्ये आज जिथे श म्हणतात तिथे च म्हणायचे. त्या काळात शब्द आत आला तो च घेऊन आला, चीफ. साधारण १३०० सालापासून तो इंग्रजीत दिसतो. चेअर, चेंबर, चेंज ही त्याच पंगतीतली मंडळी. पुढे फ्रान्समध्ये त्या च चा श झाला, इंग्लंडमधल्या शब्दांना ते कुणी कळवलं नाही. नंतर आलेले शब्द मग श घेऊन आले: मशीन, शॅम्पेन, शोफर. एकोणिसाव्या शतकात श्रीमंत इंग्रजांना फ्रेंच स्वयंपाक्यांचं वेड लागलं, तेव्हा ‘शेफ द क्विझीन’ आला. लोकांनी शेपूट तोडून नुसता शेफ ठेवला. साहेबाच्या खुर्चीवर चीफ आधीच बसलेला, मग याला चुलीशिवाय जागा कुठे? आपण मराठीत दोन्ही घेतले, तेही इंग्रजांच्या हातून. चीफ इंजिनिअर वेगळा आणि शेफ वेगळा. सख्खे भाऊ आहेत, मध्ये पाचशे वर्षं गेली म्हणून ओळख पटत नाही.

जर्मनांकडे साहेबाची जागा फ्रेंच शब्दासाठी मोकळी होती आणि स्वयंपाक्याला घरचा शब्द कॉख होताच. सतराव्या शतकात जर्मन दरबारात आणि लष्करात फ्रेंच बोलणं ही प्रतिष्ठा होती, त्या ओघात शेफ आला आणि वरच्या खुर्चीत बसला. सध्या जर्मनीत पाककृतींची एक मोठी वेबसाइट आहे, तिचं नाव ‘शेफकॉख’. आपल्या कानाला ते ‘स्वयंपाकी-स्वयंपाकी’ वाटतं, त्यांच्या दृष्टीने ते ‘मुख्य आचारी’.

आता माझी रामकहाणी. आउसबिल्डुंग संपली, परीक्षा झाली, त्याच भागातल्या दुसऱ्या हॉटेलात नोकरी लागली. २०२२ च्या डिसेंबरात तीन आठवड्यांच्या सुट्टीवर घरी आलो. आत्याने बायोडेटा तयारच ठेवला होता. त्यात एक ओळ होती, ‘नोकरी: शेफ, जर्मनी’. तो व्हॉट्सॲपवर कोल्हापूरच्या एका घरी गेला. तिकडून दोन दिवसांत फोन, मुलगा आवडलाय, या. आमच्याकडे सगळे हवेत. आजवर आलेल्या स्थळांनी ‘हॉटेलात म्हणजे नक्की काय करतो?’ इथूनच सुरुवात केलेली, आणि हे लोक स्वतःहून बोलवतायत.

त्या घरात मुलीचे काका होते. १९८६ साली कंपनीने त्यांना अठरा महिने श्टुटगार्टला ट्रेनिंगला पाठवलेलं, त्याआधी पुण्यात जर्मनही शिकले होते. घरातला परदेशाचा विषय त्यांच्याकडे असायचा. बायोडेटा वाचून घरच्यांना अर्थ त्यांनीच सांगितला होता, ‘अरे, शेफ म्हणजे बॉस. एवढ्या लहान वयात!’ हे आम्हाला नंतर कळलं. पोहे आले, मुलगी येऊन बसली, काकांनी बशी हातात घेऊन मुलाखत सुरू केली.

“हाताखाली किती माणसं?”

मला वाटलं माझ्या स्टेशनबद्दल, म्हणजे किचनमधल्या माझ्या विभागाबद्दल विचारतायत. “सध्या एकच आहे काका. तोही शनिवार-रविवार. भांड्यांना.”

“भांड्यांना म्हणजे?”

“भांडी धुवायला.”

काका हसले. त्यांना वाटलं मुलगा विनोदी आहे. “बरं, पण तुमच्याकडे खातं कुठलं?”

“गरम सेक्शन. सूप, भाज्या आणि स्पेट्झल.”

स्पेट्झल म्हणजे अंडं आणि मैद्याचं सैलसर पीठ उकळत्या पाण्यात पाडून केलेल्या शेवया. काही जण पाटावरून सुरीने खरवडतात, आम्ही साच्यातून पाडायचो. साचा म्हणजे आपला सोऱ्याच, फक्त दांड्याचा. दुसरं कुणी असतं तर त्याला हे कुठलं तरी डिपार्टमेंट वाटलं असतं आणि मी वाचलो असतो. पण श्टुटगार्ट म्हणजे स्पेट्झलचं माहेर. काकांनी अठरा महिने तेच खाल्लेलं. बशी टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

“म्हणजे तुम्ही स्वयंपाकी आहात?”

“हो. शेफ.”

“शेफ म्हणजे बॉस. मला जर्मन येतं.”

“जर्मनमध्ये बॉसच, काका. पण बायोडेटा मराठीत आहे.”

मला हे वाक्य तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. आई घाईघाईने म्हणाली, पोहे छान झालेत हं. बाबा पंख्याकडे बघत होते. रात्री आत्याला फोन आला. शब्द होते, ‘आचाऱ्याला साहेब म्हणून खपवताय. ही फसवणूक आहे.’

काका मराठी वाचतात म्हणे सगळीकडे, त्यांच्या नजरेस हे पडलं तर पडू दे. काका, तुमचं जर्मन बरोबर होतं. मराठी चुकलं. परक्या भाषेतला अर्थ शिकून तो आपल्या भाषेतल्या शब्दावर लादणं ही भाषा येण्याची खूण नाही. आपल्याच घरात बघा. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. म्हणून काय दिल्लीच्या शिक्षामंत्र्याला आपण जेलर समजतो? दोन्ही अर्थ खरे असतात, वाक्य कोणत्या भाषेतलं आहे ते पाहायचं असतं.

शेफही प्रत्येक घरी असाच वेगळा झालाय. डच लोकांकडे शेफ म्हणजे साहेब आणि मुख्य स्वयंपाकी हा ‘शेफ-कॉक’. स्वीडनमध्ये शेफ साहेब, स्वयंपाकी ‘कॉक’. पोलंडमध्येही साहेब, किचनचा असेल तर ‘शेफ कुख्नी’ असं फोड करून सांगतात. इटालियन लोकांनी शेफ घेतला तो फक्त किचनसाठी, कारण साहेबासाठी त्यांच्याकडे त्याच लॅटिन डोक्यातून निघालेला घरचा ‘कापो’ होता. ट्रेनचा गार्ड ‘कापोत्रेनो’. स्पॅनिशने इंग्रजीसारखाच दोनदा डल्ला मारला. आधी घेतला त्याचा उच्चार शेफेच्या जवळ होता, पुढे स्पॅनिशमधला तो श घशात गेला आणि झाला ‘हेफे’, म्हणजे बॉस. मग अलीकडे पुन्हा ‘चेफ’ किंवा ‘शेफ’ घेतला, तो स्वयंपाकी. पोर्तुगीजमध्ये ‘शेफे’ म्हणजे प्रमुख, जेवणाचा असेल तर तसं जोडून सांगायचं.

सगळ्यात मजा रशियनमध्ये. तिथे शेफ झाला तो आधी लष्करी मोठेपणाचा. झारच्या काळी राजकीय पोलिसांचा प्रमुख ‘शेफ झांदार्मोव्ह’, ज्याच्या नावाने लोक चळचळा कापायचे. सोव्हिएत काळात एखादा कारखाना शाळा दत्तक घेई, तर तो कारखाना त्या शाळेचा शेफ, म्हणजे पालक. आणि आता रस्त्यावर टॅक्सीवाल्याला हाक मारायची तर ‘शेफ!’ आपल्याकडे रिक्षावाल्याला ‘बॉस’ म्हणतात ना, तसंच. मुख्य स्वयंपाक्याला ‘शेफ-पोव्हर’ म्हणतात. आमच्या किचनमध्ये कझाकस्तानातून आलेली एक बाई होती, घरी रशियन बोलायची. मी हा सगळा कांदेपोह्याचा किस्सा तिला सांगितला तर तिने विचारलं, मग काकांना तू टॅक्सी चालवतोस असं का नाही वाटलं?

उगीच या एका शब्दाला नावं ठेवत नाही, फ्रेंचमधून आलेले बरेच पाहुणे असेच वागतात. जर्मनीत हॉटेलात बसून ‘मेन्यू द्या’ म्हणालात तर कार्ड येणार नाही, तीन कोर्सचं ठरलेलं जेवण येईल. ‘मेन्यू’ म्हणजे ताट, यादी ती ‘कार्टे’. फ्रेंचमध्येही असंच आहे. घोळ इंग्रजीने घातला आणि आपण तो उचलला. माझ्या अंतिम परीक्षेत सहा माणसांचं ‘मेन्यू’ करा असं होतं, तेव्हा मला काय करायचं ते नीट माहीत होतं, पण पहिल्या वर्षी मालकीणबाईंनी ‘रविवारचं मेन्यू तयार कर’ म्हटल्यावर मी सुंदर अक्षरात यादी लिहून नेली होती. अमेरिकेत ‘आंत्रे’ म्हणजे मुख्य पदार्थ, फ्रान्समध्ये सुरुवातीचा. असो.

माझा मुद्दा वेगळाच आहे आणि तो काकांना तेव्हा सांगता आला नाही. शब्द साहेबाचा निघाला नाही यापेक्षा त्यांना आचारी निघाला याचा राग होता. शेफ म्हटलं की टीव्हीवरचा माणूस, आचारी म्हटलं की कढईमागचा घामाघूम गृहस्थ. काम तेच. जर्मनीत कॉख व्हायला तीन वर्षं लागतात. आठवड्यातले काही दिवस किचन, काही दिवस शाळा, शेवटी परीक्षा, तेव्हा हातात कागद पडतो. माझ्या करारपत्रावर कॉख लिहिलंय आणि गावातल्या बँकेत कर्ज मागायला गेलो तेव्हा तो शब्द वाचून कुणी बशी खाली ठेवली नाही. आपल्या भाषेत या कामाला बल्लवाचार्य असा शब्द आहे, तो कुठून आला? भीम विराटाच्या घरी बल्लव नावाने स्वयंपाकी म्हणून राहिला. त्यानेही बायोडेटात नाव बदललं होतं, विराटाने फसवणुकीची तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. म्हणून माझा सल्ला, तुम्ही विचारला नसलात तरी: बायोडेटात, अर्जात, कुठेही, कामाचं नाव ज्या भाषेत लिहिताय त्या भाषेतल्या सगळ्यात साध्या शब्दात लिहा. मी आता ‘स्वयंपाकी, हॉटेल’ असं लिहितो. स्थळं कमी येतात, पण वेळ वाचतो.

आता थोडं खरंही सांगतो. तो बायोडेटा पाठवण्याआधी आत्याने मला दाखवला होता. जर्मनीत पाच वर्षं काढलेल्या माणसाला ‘शेफ, जर्मनी’ या दोन शब्दांतली गंमत दिसली नसेल का? दिसली होती. ‘राहू दे’ म्हणालो. शिवाय हाताखाली एकही कॉख नसताना स्वतःला शेफ म्हणवणं फ्रेंच हिशोबानेही जरा ताणलेलंच. किचनमधल्या एका विभागाच्या प्रमुखाला ‘शेफ द पार्ती’ म्हणतात एवढाच आधार. माझ्या स्टेशनचा मीच राजा, मीच प्रजा. आणि त्या मुलीला या सगळ्यात काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. ‘भांड्यांना’ म्हटल्यावर ती खाली बघून हसली होती एवढं आठवतं.

तुमच्यासाठी राहिलेलं: मी जर्मनीचा एक कोपरा आणि किचनची भाषा सांगतोय, भाषाशास्त्रज्ञ नाही. स्वयंपाकाच्या टीव्ही कार्यक्रमांमुळे जर्मन आणि डच लोकही आता शेफ हा शब्द इंग्रजी पद्धतीने ऐकायला सरावलेत, आणि बऱ्याच जर्मन किचनमध्ये प्रमुखाला सर्रास शेफ म्हणतातच, आमच्याकडे मालक जवळ असायचा म्हणून अडचण होती. तुमच्या ऑफिसात बहुतेक सगळे एकमेकांना नावाने हाक मारत असतील, तेव्हा समोरासमोर ‘शेफ’ म्हणायची गरज पडणार नाही. तो शब्द त्यांच्या पाठीमागे वापरायचा.

आणि हो, दुपारी बाराच्या सुमारास हेच शेफ कॉरिडॉरमध्ये भेटतील आणि ‘मालझाइट!’ म्हणतील. शब्दशः अर्थ जेवणाची वेळ. पण ते जेवायला बोलावत नाहीयेत, तो दुपारचा रामराम आहे. उलट ‘मालझाइट’ म्हणायचं आणि आपला डबा घेऊन पुढे चालायचं. मी पहिल्या आठवड्यात तिघांच्या मागे जाऊन बसलो होतो.